मुख्यपद सोडून सहाय्यकपद : रेने हाके आणि मँचेस्टर युनायटेड, २०२४

११ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने मुख्य प्रशिक्षक एरिक टेन हाग यांच्या हाताखाली दोन नवे सहाय्यक प्रशिक्षक नेमल्याचे जाहीर केले. त्यांपैकी रूड व्हान निस्टलरॉय यांच्या नावाची जगभर चर्चा झाली, कारण २००१ ते २००६ या काळात त्यांनी याच क्लबसाठी २१९ सामन्यांत १५० गोल केले होते. दुसरे नाव रेने हाके यांचे होते आणि नेदरलँड्सबाहेर ते फारच थोड्यांना ठाऊक होते. या अभ्यासाचा विषय हे दुसरे नाव आहे. व्हान निस्टलरॉय यांच्याकडे त्या वेळी कोणत्याही संघाची जबाबदारी नव्हती, त्यामुळे त्यांना काही सोडावे लागले नाही. हाके मात्र डच फुटबॉलच्या सर्वोच्च विभागातील गो अहेड ईगल्स या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते, जेमतेम दीड महिन्यापूर्वी त्यांनी त्या संघाला युरोपीय स्पर्धेची दारे उघडून दिली होती, आणि ते सारे मागे ठेवून ते दुसऱ्या प्रशिक्षकाचा सहाय्यक होण्यासाठी इंग्लंडला निघाले होते.

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी टेन हाग यांना पदावरून दूर करण्यात आले. ११ नोव्हेंबरला, म्हणजे नेमणुकीला बरोबर चार महिने झाले त्या दिवशी, हाके आणि व्हान निस्टलरॉय या दोघांनीही क्लब सोडला.

अशा प्रकरणात परिणाम माहीत असल्यामुळे निर्णयालाच चूक ठरवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण चांगल्या निर्णयाचा शेवट वाईट होऊ शकतो आणि वाईट निर्णय नशिबाने तरूनही जातो. म्हणून पुढील विवेचनात जुलै २०२४ मध्ये कोणाही जाणकाराला काय दिसू शकत होते आणि त्यावरून हा प्रस्ताव कसा जोखायला हवा होता, एवढाच प्रश्न घेतला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मोठ्या क्लबचे सहाय्यकपद ही त्या क्लबने दिलेली जागा वाटत असली, तरी बहुतेक वेळा ती एका माणसाच्या भरवशावरची जागा असते. त्यामुळे क्लबच्या नावाआधी त्या माणसाचे स्थान तपासावे लागते.

सोडलेले पद

गो अहेड ईगल्स हा डेव्हेंटर शहरातील क्लब १९०२ साली स्थापन झाला. चार वेळा त्याने डच अजिंक्यपद मिळवले, पण त्यांतले शेवटचे १९३३ सालचे आहे. नंतरच्या काळात तो वरच्या आणि दुसऱ्या विभागांत ये-जा करीत राहिला आणि २०२१ मध्ये पुन्हा वर आला. हाके २०२२ च्या उन्हाळ्यात तेथे रुजू झाले. पहिल्या हंगामात संघ अकरावा आला, दुसऱ्यात नववा. त्या वर्षीच्या रचनेत नववा क्रमांकही युरोपीय स्थानासाठीच्या प्ले-ऑफला पुरेसा होता, आणि त्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ईगल्सने उट्रेख्त या क्लबला हरवून कॉन्फरन्स लीग या युरोपातील तिसऱ्या पातळीच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळवला. उट्रेख्तनेच मार्च २०२२ मध्ये हाके यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढले होते.

ही शेवटची गोष्ट निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये एफसी ट्वेंटे या क्लबनेही त्यांना असेच दूर केले होते. म्हणजे मुख्यपद हे सुरक्षित आणि सहाय्यकपद हे असुरक्षित अशी सोपी विभागणी हाके यांच्यापुढे नव्हतीच. डच लीगमधल्या मध्यम ताकदीच्या क्लबमध्ये मुख्य प्रशिक्षक दोन-तीन वर्षे टिकतो, एक वाईट शरद ऋतू येतो आणि तो जातो; हे त्यांनी दोनदा अनुभवलेले होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, दोन वेळा काढले गेलेल्या आणि आता एका छोट्या क्लबसोबत यशाच्या शिखरावर असलेल्या प्रशिक्षकाने पुढच्या पायरीचा विचार करणे स्वाभाविक होते.

ती पुढची पायरी नेदरलँड्समध्ये कोठे होती? त्या उन्हाळ्यात दोन मोठ्या जागा रिकाम्या झाल्या आणि भरल्याही गेल्या. मुख्य प्रशिक्षक आर्ने स्लॉट लिव्हरपूलला गेल्यावर फेयनूर्डने डेन्मार्कच्या ब्रायन प्रिस्के यांना आणले, तर आयाक्सने इटलीच्या फ्रान्चेस्को फारिओली यांना. दोन्ही ठिकाणी देशांतर्गत मध्यम क्लबमध्ये चांगले काम करणाऱ्या डच प्रशिक्षकाचा विचार न होता बाहेरून तरुण नाव आणले गेले. पीएसव्हीला पीटर बॉस यांनी नुकतेच विजेतेपद मिळवून दिले होते, त्यामुळे ती जागा रिकामी होण्याचा प्रश्नच नव्हता. हाके यांच्यासारख्या प्रशिक्षकाला घरच्या शिडीवर वर चढायला जागा नव्हती, हे मान्य केल्याशिवाय त्यांच्या निर्णयाकडे न्यायाने पाहता येत नाही.

मिळालेले पद

सहाय्यक प्रशिक्षकाचे काम बाहेरून दिसते त्याहून बरेच मोठे असते. दररोजच्या सरावाची आखणी, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, एकेका खेळाडूसोबत स्वतंत्र काम, सामना चालू असताना मुख्य प्रशिक्षकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट त्याच्या कानावर घालणे, आणि संघात न घेतलेल्या खेळाडूची नाराजी मुख्य प्रशिक्षकापर्यंत जाण्याआधी ऐकून घेणे, हे सगळे त्याच्याकडे असते. अनेकदा खेळाडूंचा मुख्य प्रशिक्षकापेक्षा सहाय्यकाशीच अधिक वेळ संबंध येतो. ज्याने वीस-पंचवीस माणसांच्या छोट्या यंत्रणेत सर्व काही स्वतः पाहिले आहे, त्याला मोठ्या क्लबमध्ये विश्लेषक, वैद्यकीय पथक, शारीरिक तयारीचे तज्ज्ञ, खेळाडू हुडकणारा विभाग अशा सगळ्यांसोबत काम करण्याची रीत शिकायला मिळते. जागतिक दर्जाच्या खेळाडूला एखादी सूचना कशी द्यावी लागते, हे शिकण्याची दुसरी जागा नाही.

पण तीन गोष्टी त्याच्याकडे नसतात. अकरा जण तो निवडत नाही, पत्रकार परिषदेत तो बसत नाही, आणि पराभवाचे उत्तर त्याला द्यावे लागत नाही. तिसरी गोष्ट दिलासा वाटते, पण मुख्य प्रशिक्षक म्हणून पुन्हा काम मिळवायचे असेल तर तीच सर्वांत महाग पडते. क्लबचे संचालक मुख्य प्रशिक्षक निवडताना दबावाखाली घेतलेले निर्णय पाहतात, आणि सहाय्यकाच्या नावावर असे निर्णय नोंदलेले नसतात. शिवाय निर्णय घेण्याची सवय रोज वापरली नाही तर मंदावते. जो प्रशिक्षक दहा वर्षे मुख्यपदावर राहिला आहे, त्याला साठाव्या मिनिटाला बदल करायचा की नाही हे ठरवण्याऐवजी तो सुचवून गप्प बसण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते. काहींना ती जमते, काहींच्या स्वभावातच ती बसत नाही. माझ्या मते प्रस्ताव हाती आल्यावर पगाराच्या आकड्याआधी प्रशिक्षकाने स्वतःला विचारायचा प्रश्न हाच आहे.

हाके यांच्या जागेबाबत आणखी एक खूण होती. ती जागा रिकामी का झाली होती? टेन हाग यांचे आयाक्सपासूनचे सहकारी मिचेल व्हान डर गाग यांनी स्वतंत्र जबाबदारीच्या शोधात युनायटेड सोडले होते, आणि स्टीव्ह मॅक्लेरन त्याच महिन्यात जमैकाच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला आतून ओळखणारे दोन अनुभवी सहाय्यक एकाच उन्हाळ्यात बाहेर पडले होते. दोघांची कारणे वेगळी आणि सन्मानाची होती, तरीही आत येणाऱ्याने बाहेर जाणाऱ्यांशी निवांत बोलून घ्यावे, इतका अर्थ या घटनेला नक्कीच होता.

खुर्ची कोणाच्या भरवशावर?

आता मूळ मुद्दा. टेन हाग यांचे स्वतःचे स्थान जुलै २०२४ मध्ये किती भक्कम होते?

वरवर पाहता ते भक्कम दिसत होते. २५ मे २०२४ रोजी युनायटेडने एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवले. ४ जुलैला क्लबने टेन हाग यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. नवे सहाय्यक जाहीर झाले ते त्यानंतर एका आठवड्याने. एखाद्या प्रशिक्षकाला फोन आला की, चषक जिंकलेल्या आणि नुकताच करार वाढवून मिळालेल्या माणसासोबत काम करायचे आहे, तर त्याला ही शाश्वती पुरेशी वाटणे समजण्यासारखे आहे.

खाली मात्र वेगळे चित्र होते, आणि ते लपलेलेही नव्हते. २०२३-२४ च्या हंगामात युनायटेड प्रीमियर लीगमध्ये आठव्या स्थानावर राहिला, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तोवरचे हे त्याचे सर्वांत खालचे स्थान होते. केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल अधिक होते. चॅम्पियन्स लीगमध्ये संघ आपल्या गटात तळाला राहून बाहेर पडला. चषक जिंकल्यानंतरही क्लबने हंगामाचा आढावा घेतला आणि प्रशिक्षक राहणार की जाणार हे ठरायला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. या काळात क्लबने इतर प्रशिक्षकांशी बोलणी केली होती, हे टेन हाग यांनी स्वतः नंतर जाहीरपणे सांगितले. ज्या मालकाने पर्याय शोधून पाहिला आहे आणि मनासारखा न मिळाल्याने जुन्याच माणसाला ठेवले आहे, त्याने दिलेली एक वर्षाची मुदतवाढ ही विश्वासाची पावती मानता येत नाही.

त्याहूनही महत्त्वाची बाब म्हणजे टेन हाग यांना नेमणारे लोक आता निर्णयाच्या जागी नव्हते. ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबमधील हिस्सा घेतला आणि फुटबॉलविषयक कारभार त्यांच्या गटाकडे आला. तांत्रिक संचालक जेसन विल्कॉक्स एप्रिलमध्ये आले, क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ १ जुलैला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ओमर बेराडा जुलैच्या मध्याला. नव्या व्यवस्थापनाला वारशाने मिळालेला प्रशिक्षक आणि त्याच्या शब्दावर आलेले सहाय्यक, ही मांडणी कोणत्याही क्लबमध्ये नाजूक असते. निकाल चांगले लागले तर ती टिकते, पण निकाल बिघडले तर नव्या लोकांना तो प्रशिक्षक वाचवण्याचे कारण उरत नाही, कारण ती निवड त्यांची नसते. (ॲशवर्थ स्वतः डिसेंबर २०२४ मध्येच बाहेर पडले, यावरून तेथील वरचा मजलाही किती अस्थिर होता याची कल्पना येते.)

हे सगळे जुलैमध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळत होते. मग पुढे जे घडले ते अनपेक्षित नव्हते. नऊ लीग सामन्यांत ११ गुण, चौदावे स्थान, युरोपा लीगमध्ये तिन्ही सामने बरोबरीत, आणि वेस्ट हॅमविरुद्धच्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी हकालपट्टी. त्या तीन बरोबरींतली एक युनायटेडच्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, ट्वेंटेविरुद्ध झाली, ज्या क्लबचे हाके कधीकाळी मुख्य प्रशिक्षक होते.

एकाच उन्हाळ्यात आलेले, वेगवेगळ्या वाटांनी गेलेले

या प्रकरणाचे सर्वांत शिकवणारे अंग माझ्या मते येथे आहे, आणि ते चर्चेत फारसे आले नाही. त्या उन्हाळ्यात युनायटेडच्या प्रशिक्षक चमूत हाके आणि व्हान निस्टलरॉय यांच्याखेरीज आणखी एक असा माणूस आला होता, ज्याने मुख्यपद सोडले होते. स्वीडनचे आंद्रेआस जॉर्जसन नॉर्वेतील लिलेस्ट्रॉम या क्लबचे मुख्य प्रशिक्षक होते आणि हंगाम अर्ध्यावर असताना ते सोडून युनायटेडमध्ये आले. त्यांच्याकडे काम होते ते कॉर्नर, फ्री किक अशा सेट पीसचे.

नोव्हेंबरमध्ये रूबेन आमोरिम नवे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांनी स्पोर्टिंग लिस्बनमधील आपले सहाय्यक सोबत आणले. हाके, व्हान निस्टलरॉय आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक येले टेन राउवेलार यांना जावे लागले. जॉर्जसन राहिले. डॅरेन फ्लेचरही राहिले, ते तर क्लबचेच जुने माणूस. सर्वसाधारण सहाय्यकाचे काम म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचे विचार मैदानावर उतरवणे. मुख्य प्रशिक्षक बदलला की विचार बदलतात आणि त्या कामाची गरज संपते. नव्या प्रशिक्षकाकडे ते काम करणारा, त्याची भाषा न बोलताही समजणारा माणूस आधीच असतो. एका विशिष्ट कौशल्याचा तज्ज्ञ किंवा क्लबने स्वतःच्या हितासाठी नेमलेला माणूस यांची जागा मात्र कोणा एकावर अवलंबून नसते. मँचेस्टर सिटीमध्ये ब्रायन किड हे मानचिनी, पेलेग्रिनी आणि ग्वार्डिओला अशा तीन मुख्य प्रशिक्षकांच्या काळात २०२१ पर्यंत सहाय्यक राहिले, ते याच अर्थाने क्लबचे सहाय्यक होते.

म्हणून प्रस्ताव आल्यावर विचारायचा एक प्रश्न असा : मला कोण बोलावते आहे, प्रशिक्षक की क्लब? प्रशिक्षक बोलावत असेल, तर माझ्या कराराची खरी मुदत त्याच्या नोकरीएवढीच आहे, कागदावर काहीही लिहिलेले असो.

व्हान निस्टलरॉय यांची वाट आणखी निराळी. टेन हाग गेल्यावर हंगामी जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि चार सामन्यांत तीन विजय व एक बरोबरी त्यांनी नोंदवली. त्यांपैकी दोन विजय लेस्टर सिटीविरुद्धचे होते, ५-२ आणि ३-०. नोव्हेंबर संपायच्या आत त्याच लेस्टरने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले. त्या चार सामन्यांची आखणी एकट्या माणसाने केली असेल असे फुटबॉल जाणणारा कोणीही म्हणणार नाही, पण मैदानाच्या कडेला उभा होता तो एक, कॅमेऱ्यासमोर बोलला तोही एक. पुढे लेस्टर खालच्या विभागात घसरला आणि जून २०२५ मध्ये तो संबंधही संपला, पण मुख्यपदाची संधी मिळाली ती त्या तेरा-चौदा दिवसांमुळे. हाके यांना ती मिळण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून नव्हती, कारण शेजारच्या खुर्चीवर क्लबचा लाडका माजी खेळाडू बसलेला होता. सहाय्यकपद घेणाऱ्या अनेकांच्या मनात 'मुख्य प्रशिक्षक गेला तर मी' असा एक हिशेब असतो. तो धरायला हरकत नाही, पण तो धरायचा तर सहाय्यकांच्या रांगेत आपला क्रमांक कितवा आहे हे आधी पाहायला हवे.

ज्यांचे जमले त्यांचे का जमले

या हिशेबाला खतपाणी घालणारी उदाहरणे प्रसिद्ध आहेत. रोबेर्तो दि मातेओ यांना २०११ मध्ये वेस्ट ब्रॉमने काढले, ते चेल्सीत सहाय्यक झाले, मार्च २०१२ मध्ये मुख्य प्रशिक्षक गेल्यावर संघ त्यांच्याकडे आला आणि मे महिन्यात त्यांनी एफए चषक व चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकले. हान्सी फ्लिक जुलै २०१९ मध्ये बायर्न म्युनिकमध्ये सहाय्यक म्हणून आले, नोव्हेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२० मध्ये त्यांनी तिन्ही मोठी विजेतेपदे मिळवली. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती लक्षात राहतात ती दुर्मीळ आहेत म्हणून. शिवाय दि मातेओ चेल्सीचे माजी खेळाडू होते आणि फ्लिक बायर्नचे. दोघांनाही ड्रेसिंग रूम आणि प्रेक्षक यांच्यापुढे आपली ओळख सिद्ध करावी लागली नाही. बाहेरून आलेल्या सहाय्यकाने स्वतःला त्यांच्या जागी कल्पू नये.

हाके यांच्याशी खरी तुलना करावी ती एन्झो मारेस्का यांची. इटलीतील पार्मा या क्लबने त्यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये मुख्यपदावरून दूर केले. २०२२ च्या उन्हाळ्यात ते मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्डिओला यांचे सहाय्यक झाले. त्या हंगामात सिटीने तीन मोठी विजेतेपदे जिंकली, आणि वर्षभराने मारेस्का लेस्टरचे मुख्य प्रशिक्षक झाले, पुढच्या उन्हाळ्यात चेल्सीचे. यात दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ग्वार्डिओला यांची खुर्ची त्या वर्षी हलण्याची शक्यता शून्याच्या जवळ होती, त्यामुळे मारेस्का यांना एक अख्खा हंगाम शांतपणे मिळाला. दुसरी म्हणजे ग्वार्डिओला यांची खेळण्याची पद्धत इतकी स्पष्ट आणि मागणी असलेली होती की, तिच्यात काम केलेला माणूस इतर क्लबना स्वतःहून हवा होता. मिकेल आर्तेता त्याच चमूतून डिसेंबर २०१९ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आर्सेनलला गेले होते. २०२४ च्या युनायटेडमध्ये यांपैकी पहिली गोष्ट नव्हती हे वर पाहिलेच, आणि दुसरीही नव्हती, कारण त्या संघाची पद्धत नेमकी कोणती यावरच त्या वेळी सर्वाधिक टीका होत होती.

पेप लाइंडर्स यांचा मार्ग उलटा आहे. लिव्हरपूलच्या प्रशिक्षक चमूतून ते जानेवारी २०१८ मध्ये एनईसी नाइमेखन या डच क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले, संघाची वरच्या विभागातली बढती हुकली, आणि काही महिन्यांतच ते लिव्हरपूलमध्ये युर्गन क्लॉप यांचे सहाय्यक म्हणून परतले. पुढची सहा वर्षे त्या जागेने त्यांना युरोपातील सर्वांत मानाच्या सहाय्यकांपैकी एक केले. कोणाला कोणती जागा शोभते याचे उत्तर पदाच्या नावात नसते, हे त्यातून दिसते.

करारात काय हवे

युनायटेडच्या हिशेबांत टेन हाग आणि त्यांच्या चमूला दूर करण्याचा खर्च १ कोटी ४ लाख पौंड दाखवला गेला. त्यातला मोठा भाग अर्थातच मुख्य प्रशिक्षकाचा असतो, तरी सहाय्यकाच्या बाजूने बोलणाऱ्याने लक्ष द्यायचे ते याच ठिकाणी. मुख्य प्रशिक्षक गेल्यास सहाय्यकाला उरलेल्या मुदतीची पूर्ण रक्कम मिळेल की ठरावीक महिन्यांची, आणि त्या काळात दुसऱ्या क्लबमध्ये काम धरल्यास ती थांबेल का, हे लेखी असावे. दुसरे कलम उलट्या दिशेचे : एखाद्या क्लबने मुख्यपद देऊ केले तर कोणत्या रकमेवर सहाय्यकाला मोकळे केले जाईल हे आधीच ठरलेले असावे. ते नसेल तर चांगली संधी आली असताना मोठा क्लब अशी रक्कम मागतो की छोटा क्लब मागे हटतो. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमध्ये परदेशी प्रशिक्षकाचा काम करण्याचा परवाना त्या क्लबशीच जोडलेला असतो, त्यामुळे नोकरी गेली की कुटुंबाच्या वास्तव्याचा प्रश्नही लगेच उभा राहतो. मुलांची शाळा हलवण्याआधी हे विचारून घ्यावे.

आणि कामाचे वर्णन. 'सहाय्यक प्रशिक्षक' एवढेच लिहिलेल्या करारापेक्षा 'बचावाच्या रचनेचा सराव याच्याकडे' किंवा 'प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास याच्याकडे' असे लिहिलेला करार अधिक मोलाचा असतो. वर्षभराने दुसऱ्या क्लबपुढे बसल्यावर आपण काय केले हे सांगता येते ते त्यामुळेच.

राहिले असते तर?

माझा निर्णय सांगायचा तर, प्रस्ताव स्वीकारण्याचा विचार योग्य होता, पण हा प्रस्ताव त्या उन्हाळ्यात स्वीकारणे योग्य नव्हते. सहाय्यकपदाचा खरा लाभ म्हणजे शिकणे, आणि शिकायला किमान एक पूर्ण हंगाम लागतो. तो मिळण्याची शक्यता जुलैमध्येच कमी दिसत होती. याउलट एक वर्ष थांबण्याची किंमत मर्यादित होती, कारण हाके यांच्या हाताशी युरोपीय स्पर्धा होती आणि स्वतःच्या घडवलेल्या संघाचा विश्वास होता.

या मताविरुद्ध एक बळकट आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. प्रशिक्षकाचे नाव फार झपाट्याने उतरते. हाके गेल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ईगल्स कॉन्फरन्स लीगमधून नॉर्वेच्या ब्रानकडून बाद झाले. हाके राहिले असते आणि हाच पराभव त्यांच्या नावावर लागला असता, त्यानंतर लीगची सुरुवातही अडखळत झाली असती, तर हिवाळ्यापर्यंत त्यांना विचारणारे कोणी उरले नसते. आणि युनायटेडसारख्या क्लबचा फोन एका माणसाच्या आयुष्यात दोनदा येत नाही. ज्याला हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो त्याने जावे, पण मग वर सांगितलेली कलमे लिहून घेऊन जावे. एरवी त्याला चार महिन्यांनंतर हाती कारकिर्दीच्या नोंदीतली फक्त एक ओळ उरते, आणि त्या ओळीत क्लबचे नाव मोठे असले तरी काळ फार छोटा असतो.

मागे राहिलेल्या क्लबचे काय झाले तेही पाहिले पाहिजे, कारण अशा निर्णयात त्याचाही वाटा असतो. नॉर्वेत लिलेस्ट्रॉमने जॉर्जसन गेल्यावर त्याच हंगामात वरच्या विभागातील स्थान गमावले. डेव्हेंटरमध्ये उलटे घडले. ईगल्सने पौल सिमोनिस या, तोपर्यंत बहुतांश सहाय्यक म्हणूनच काम केलेल्या प्रशिक्षकाकडे संघ सोपवला. २१ एप्रिल २०२५ रोजी डच चषकाच्या अंतिम सामन्यात एझेड अल्कमारविरुद्ध ईगल्सने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये सामना जिंकला. क्लबच्या इतिहासातला तो पहिला डच चषक, आणि १९३३ नंतरचे पहिले मोठे विजेतेपद. त्या उन्हाळ्यात सिमोनिस जर्मनीतील वोल्फ्सबुर्गला गेले, मुख्य प्रशिक्षक म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथून त्यांना काढण्यात आले. तरीही पुढच्या क्लबशी बोलताना त्यांच्याकडे एक चषक आहे, आणि त्या चषकासाठी घेतलेला प्रत्येक निर्णय त्यांच्याच नावावर नोंदलेला आहे.